तीन अक्षरांचा शब्द

जवाचा महिना, चंद्रदर्शन

आज माझं शिक्षण संपलं. देवाचं वचन सांगणाऱ्या नहमामायनं मला सगळी अक्षरं उलटसुलट विचारली, मग काठीनं धुळीत एक अख्खी ओळ लिहून म्हणाली, "वाच." मी अडखळले नाही. तिनं स्वतःचा बोरू माझ्या हातात दिला आणि डोळे मिटून घेतले. याचा अर्थ, आता घरी जा.

आमच्या घरात अक्षर ओळखणारी मी पहिली. धावतच आले आणि आईला सांगितलं. ती जातं थांबवून म्हणाली, "छान झालं. आता हे एवढं दळ."

दळता दळता ठरवलं की काही घडलं की लिहून ठेवायचं. आमच्या घरी मडकी फुटायला काही कमी नाही, लिहायला खापऱ्या हव्या तेवढ्या मिळतात. आणि घडतंय तर रोजच. मैदानातल्या हरूम शहराचे कनानी लोक रथ घेऊन सोराच्या घळीच्या तोंडाशी आले आहेत. घळ ओलांडली की आमचे डोंगर. राजा मल्कीएल यांनी गावोगाव रणशिंग फुंकवलं. आमच्या बेथ-शकेदमधून एल्दाददादा गेला. माझा एकुलता एक भाऊ. जाताना हसत होता. आई मात्र त्याच्या पाठीकडे बघत उभी राहिली, तो वळणाआड गेला तरी.

शब्बाथाचा आदला दिवस

नहमामायला परमेश्वराचं वचन आलं. मी तिथेच होते. पाणी भरत होते, आणि ती एकाएकी ताठ बसली. तिचा चेहरा पाहून माझ्या हातातली घागर सुटली.

वचन असं: परमेश्वर हरूमला आपल्या हाती देणार. पण त्यांच्या घोड्यांच्या शिरा तोडायच्या. मायनं उलगडून सांगितलं: मागच्या पायांच्या शिरा, म्हणजे घोडा जगेल पण धावणार नाही, आणि एकही धडधाकट घोडा डोंगरावर येणार नाही.

"आणि रथ?" मी विचारलं.

"घोड्याशिवाय रथ म्हणजे सरपण."

"पण माय, घोडे चांगले असतात. आपल्याकडे एकही नाही."

"म्हणूनच आपण परमेश्वराला हाक मारतो," माय म्हणाली. "घोडे आले की राजा घोड्यांना हाक मारेल."

वचन राजाकडे पोचवायला निरोप्या लागतो. त्यानं ते मायसमोर तीनदा म्हणायचं आणि राजासमोर तीनदा. मी म्हटलं, "माय, आपण लिहूनच देऊ. तोंड चुकतं, खापरी चुकत नाही. मी घेऊन जाते." मायनं एक खापरी उचलून बोटांत फिरवली. तिचा घसा गेले काही दिवस बसला आहे. मग कुजबुजत म्हणाली, "लिही. पण तोंडानंही सांग."

मी इतकं सुंदर अक्षर आजवर काढलं नव्हतं.

विसाव्याचा दिवस, शब्बाथ, सरल्यावर, छावणीत

मी राजाला पाहिलं. त्याच्याशी बोलले.

पहिल्यांदा एल्दाददादा भेटला. त्याची मान सुजून लाल झाली होती. आमच्या माणसांची संख्या शत्रूला दिसू नये म्हणून त्यांनी घळीत जागोजागी ओला पाला जाळून धूर केला आहे, आणि तेव्हापासून गांधीलमाश्या चवताळल्यात. "कनानी परवडले," म्हणाला. "निदान ते समोरून येतात."

राजा उंच आहे आणि सारखा हसतो. मी गुडघे टेकले तर म्हणाला, "ऊठ पोरी, गुडघे खरचटतील, इथं नुसते दगड आहेत." त्याचे चिटणीस सोदी यांनी खापरी घेतली, ओठ हलवत मनात वाचली आणि राजाच्या कानाशी लागले. राजानं खापरीकडे वाकून पाहिलं. मग म्हणाला, "हे कुणी लिहिलं?"

"मी, महाराज."

"सोदी, बघा. तुमचं अक्षर म्हणजे चिखलातून कोंबडी गेल्यासारखं. हे बघा जरा."

सोदी कसंनुसं हसले. मला कानापर्यंत गरम झालं. मी म्हटलं, "महाराज, प्रथेप्रमाणे तोंडानंही तीनदा सांगते."

"कशाला? लिहिलंय ना? तोंड चुकतं, पण लिहिलेलं चुकत नाही."

अगदी माझेच शब्द. राजाच्या तोंडून. परमेश्वरानं एकच विचार दोघांच्या मनात घातला असणार. सोदींनी खापरी कमरपट्ट्यात खोचली आणि मी बाहेर आले. मायनं तोंडानं सांगायला सांगितलं होतं, हे उतारावर आल्यावर आठवलं. पण लिहिलंय. लिहिलेलं पुसत थोडंच आहे.

दुसऱ्या दिवशी

जिंकलो. अक्षरं वाकडी येतायत, येऊ देत.

आम्ही बायका पाण्याचे बुधले घेऊन कड्यावर होतो. खाली रथ असे आले की डोंगरालाही कंप सुटला. चाकांवर ऊन पडून डोळे दिपत होते. आमची माणसं घळीत उभी, हातात विळे, सोटे, गोफणी. बाजूची एक म्हातारी म्हणाली, "संपलं." आणि तेव्हाच घळीच्या दोन्ही कडांतून काहीतरी उठलं. आधी वाटलं धूर. तो धूर नव्हता, तो गांधीलमाश्यांचा ढग होता, आणि तो सरळ घोड्यांवर उतरला.

मी असं काही पाहिलं नव्हतं आणि पुन्हा पाहणार नाही. घोडे दोन पायांवर उभे राहिले. रथ रथावर चढले. सारथी उड्या मारून पळाले, आपल्या लोकांनी त्यांना मैदानापर्यंत पिटाळलं. एकाही माणसाला तलवार चालवावी लागली नाही म्हटलं तरी चालेल. ज्याला डोळे आहेत त्यानं आज परमेश्वराचा हात पाहिला. म्हातारी माझ्या गळ्यात पडून रडत होती आणि माझ्या पायाला एक माशी चावली होती, ते मला संध्याकाळी कळलं.

दादा सुखरूप आहे.

आठवडाभरानंतर

डफ वाजवून हात सोलवटले. प्रत्येक गावाच्या वेशीवर बायका नाचत होत्या.

घोडे वर आले आहेत.

आधी मला वाटलं, शिरा इथे वर आणून तोडणार असतील. पण दादा एक करडी घोडी घेऊन थेट आमच्या अंगणात आला. राजानं त्याला सारथी केलंय. आई दारामागे लपली आणि तिथून ओरडली, "हे चावतं का रे?"

"तुझ्यापेक्षा कमी," दादा म्हणाला.

बाबांनी बैलाला टाकतात तसा घोडीपुढे कडबा आणि ओंजळभर डाळ टाकली. ती नुसतीच फुरफुरली. मग मी अंजीर पुढे केलं आणि तिनं ते माझ्या तळहातावरून ओठांनी असं उचललं की मला हसू आवरेना. इतकं मऊ नाक मी कधी हात लावून पाहिलं नव्हतं. आणखी तीन अंजिरं दिली. खोटं कशाला लिहू, त्या वेळी मला वचन आठवलंच नाही.

आठवलं ते दादा म्हणाला तेव्हा. "पुढच्या चंद्राला आम्ही मैदानात उतरणार. खुद्द हरूमवर. आपले रथ घेऊन."

"पण दादा, वचनात घोडे..."

"वचनात आहेच की. सोदींनी सगळ्यांना वाचून दाखवलं. घोडे उपटून न्यावेत. आम्ही उपटून आणले."

मी धुळीत तो शब्द लिहिला. ऐन, कोफ, रेश. तीनच अक्षरं. आम्ही अक्षरं लिहितो, पण त्यांचे स्वर लिहीत नाही. ते वाचणाऱ्यानं आपल्या तोंडानं भरायचे. मी लिहिताना माझ्या कानात मायचा आवाज होता, म्हणून मला 'शिरा तोड' एवढंच ऐकू येत होतं. पण दुसरे स्वर भरले तर तीच अक्षरं म्हणतात, 'उपटून ने.'

सोदी विद्वान आहेत. चूक झाली असेल त्यांची. नजरचूक.

दुसऱ्या दिवशी

मायला सगळं सांगितलं. वाटलं होतं रागावेल. ती म्हणाली, "तू तोंडानं सांगितलंस?"

"नाही."

"मग आता सांग."

"माय, कदाचित महाराजांना खरंच कळलं नसेल."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी अक्षर उलटं काढल्यावर पाहायची. "जो माणूस त्या घोड्यांमागे उभा राहील," ती म्हणाली, "त्याला परमेश्वर राखणार नाही. एवढंही सांग."

घोडीमागे उभा राहणारा माझा भाऊ आहे.

पौर्णिमा, गिलगाच्या वेदीपाशी

राजानं सगळ्या डोंगरातल्या लोकांना जमवलं होतं. त्याआधी मला आपल्या तंबूत बोलावलं. मी गेले तेव्हा मला वाटत होतं की चूक कळली की तो स्वतःच सुधारेल.

त्यानं मला बसायला सांगितलं, दही दिलं. "यमीमा, सोदी आता थकलेत. कुठल्याच राजाजवळ बायकामाणसानं चिटणिशी केलेली कुणी पाहिली नाही. मी पहिला राजा होईन आणि तू पहिली चिटणीस. काय?"

आनंदानं माझ्या हातातलं दही सांडता सांडता राहिलं. मग म्हटलं, "महाराज, तो शब्द..."

"हो. लोकांत कुजबुज आहे. तूच लिहिलास, तूच सांग कसा वाचायचा. एकच शब्द." तो हसला. "तुझा भाऊ फार चांगला सारथी आहे. दिसतोही छान, रथावर."

बाहेर आले. वेदीपुढे ही गर्दी. बाबा, आई मागे कुठेतरी. रथ ओळीनं उभे, चाकं घासून चकचकीत केलेली, आणि दादा करड्या घोडीचा लगाम धरून. मला पाहून त्यानं भुवई उडवली.

सोदींनी माझ्या हातात खापरी दिली. मी वाचलं. "त्यांच्या घोड्यांच्या शिरा तोडा." मग खापरी खाली केली आणि वर न बघता पुन्हा सांगितलं, आणि तिसऱ्यांदा. मायनं सांगितलेलं पुढचंही सांगितलं.

कुणी कुणी पश्चात्तापानं आपले कपडे फाडायला हात घातला. राजा मात्र हसतच होता. तो दादाकडे वळला. "एल्दाद, ही तुझी बहीण. घोडी घरी नेलीस तेव्हा ती काय म्हणाली?"

दादा लाल झाला. "काही नाही, महाराज."

"शिरा तोड म्हणाली?"

"नाही." तो माझ्याकडे बघत नव्हता. "घोडीला अंजिरं भरवत होती."

लोक हसले. अगदी वेदीपुढे हसले. राजा म्हणाला, "बहिणीला भावाची काळजी वाटते. यात काही पाप नाही. बहिणी अशाच असाव्यात." मग कुणीतरी ओरडलं, "घोडे पाहिजेत," आणि मग सगळेच.

गर्दी पांगताना दादा माझ्याजवळ आला. "खोटारडे. सगळ्या डोंगरासमोर. मला एकदा काही मिळालं तर तेही तुला बघवलं नाही."

मी खोटं बोलले नव्हते. पण अंजिरं मी भरवली होती, तेही खरंच होतं.

गव्हाची कापणी सुरू

आज ते मैदानात उतरले. कड्यावरून पाहिलं. लिहायला लाज वाटते, पण काय देखणे दिसत होते ते. सगळ्यात पुढे राजा, केस मोकळे सोडलेले. दादा तिसऱ्या रथावर. तो ज्या ऐटीत उभा होता ती पाहून, वचन माहीत असूनही, माझा ऊर भरून आला.

त्यानं मागे वळून पाहिलं नाही. आई म्हणाली, "भांडून गेला ते गेला, भाकरी नेली ना?" मी म्हटलं, नेली. माहीत नव्हतं.

परमेश्वरा, चुकले ती मी, शब्द लिहिला तो मी. शिक्षा दुसऱ्याला नको.

तिसऱ्या दिवशी दुपारी

दादा आला. जिवंत. डावा हात गळ्यात बांधलेला, नाकावर कातडी नाही, आणि मागे करडी घोडी लंगडत. मोडकं जू अजून तिच्या मानेवर लटकत होतं.

आईनं त्याला आधी मारलं, मग जवळ घेतलं.

त्यानं सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते. हरूमच्या भिंतीपुढे आमचे रथ उभे राहिले. कनानी कुणी बाहेरच आले नाहीत. वेशीचा दरवाजा सताड उघडा. आमची माणसं म्हणाली, घाबरले. राजानं कनानी पद्धतीनं लगाम कमरेला बांधायला लावले होते, म्हणजे हात भाल्याला मोकळे. मग आतून शिंग वाजलं. लढाईचं नव्हे. लांब, सावकाश.

"आमच्या सगळ्या घोड्यांनी एकदम कान उभारले," दादा म्हणाला. "सगळ्यांनी, यमे. आणि सुटले."

"कुठे?"

"घरी. चाऱ्याचं शिंग होतं ते. रोज संध्याकाळी ते शिंग वाजलं की पागेत चारा पडतो. त्यांना काय माहीत आपण त्यांना जिंकून नेलंय."

आम्हा डोंगरातल्या माणसांना बैल माहीत. बैल आपल्या दावणीला जातो हेही माहीत. घोडाही जातो, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

राजा सगळ्यात पुढे होता. लगाम कमरेला. तो ओढत होता, ओरडत होता, आणि घोडे त्याला सरळ दरवाज्यातून आत घेऊन गेले. मागून दोन रथ, मग आणखी. मग दरवाजा बंद झाला.

"आणि तू?"

"मी पहिल्या हिसक्यालाच पडलो." तो घोडीकडे बघत म्हणाला. "कमरेची गाठ नीट मारली नव्हती, ती सुटली. महाराज रोज हसायचे माझ्या गाठीला. रथ उलटला, जोडीतला दुसरा घोडा जू तोडून गेला, ही अडकून राहिली."

"परमेश्वरानं घोड्यांच्या कानात सांगितलं," मी म्हटलं.

"चाऱ्याचं शिंग होतं गं."

"पण वाजवायला कुणी लावलं?"

आईनं त्याच्या पुढ्यात डाळ ठेवली, तर तो एका हातानं खाऊ लागला आणि खाता खाता रडू लागला. राजाबरोबर गेलेल्यांतले कितीतरी त्याचे मित्र होते.

शब्बाथाचा आदला दिवस

आज सकाळी आमच्या अंगणात डोंगरातले वडीलधारे आले. बरोबर सोदी, कमरपट्टा न बांधता, डोक्यावर राख. ते छावणीतच मागे राहिले होते. थोडे घोडे तिथे अजून आहेत, खूर दुखावलेले, म्हणून न नेलेले. त्यांचं काय करायचं, असं विचारायला सगळे आधी मायकडे गेले होते. माय म्हणाली, "लिहिलंय तिनं. तिलाच विचारा."

सोदींनी खापरी पुढे केली. "बाई," ते म्हणाले. मला आजवर कुणी बाई म्हटलं नव्हतं. "तू म्हणशील तसं वाचू."

दादा घोडीजवळ उभा होता. सुजलेल्या पायाला त्यानं ओला पाला बांधला होता. सगळे माझ्याकडे बघत होते आणि मी त्याच्याकडे.

मी उपटून ने म्हटलं असतं, तर घोडे मैदानात हाकलून दिले असते आणि ही करडी आपल्या पागेत गेली असती. कुणी मला खोटी म्हणालं नसतं. सोदी तर नाहीच. अक्षरं तीच.

"वाच," दादा म्हणाला. "मी काही म्हणणार नाही."

मी वाचलं. शिरा तोडा.

दादानं मान हलवली. मग घोडीच्या मानेवरून हात फिरवत विचारलं, "मारा असं लिहिलंय का?"

मी खापरी पुन्हा पाहिली, सगळी, काठापर्यंत. "नाही. मारा असं कुठेच नाही."

"मग तिचं वैरणपाणी मी बघेन."

वडीलधाऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. कुणी नाही म्हटलं नाही. दादाला एकाच हातानं जमणार नव्हतं, म्हणून घोडीचं डोकं मी धरलं. तिनं माझ्या तळहातात नाक खुपसलं. बाबांनी सुरी धारेला लावली, आणि आई न विचारताच घरातून तेल आणि फडकी घेऊन आली.